साडेचारशे ग्रॅमचा सूर

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळी ७.१०

ही वही फक्त गिटारच्या मोजमापांसाठी आहे. तारीख, वेळ, आकडा. राग इथे लिहायचा नाही. रागाने आकडा बिघडतो.

गिटार काल आणली. इलेक्ट्रिक, काळी, जुनी पण वापर कमी. विकणारा काटोल रोडचा. का विकतो विचारलं तर म्हणाला, काका, टाइमच नाही भेटत. टाइम न भेटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलेलं नाही.

कारण नोंदवून ठेवतो. मागच्या रविवारी प्रॅक्टिसला अंकुशने (कीबोर्ड, वय सत्तावीस, एका कानात बाळी) एक बटण दाबलं आणि कीबोर्डमधून गिटार काढून दाखवली. म्हणे, काका, हे पाहा, झालं न तुमचं काम. सगळे हसले. ढोलकवालाही हसला. त्याला या गाण्याच्या पार्टीत मी आणलेलं आहे. कामिनी हसली नाही, पण ती म्हणाली, बरं येऊन राहिलं गा हे. कामिनी आमची गायिका, पार्टी तिच्या आवाजावर चालते. त्यामुळे ते हसण्यापेक्षा वाईट.

बावीस वर्षं या पार्टीत गिटार मी वाजवतो. कोणत्याही क्लासला गेलो नाही. कानाने शिकलो. आणि आता एक बटण!

२६ तारखेला संविधान दिनाचा प्रोग्राम, आमच्याच हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये, विहाराच्या ग्राउंडवर. चौदा गाणी. कामिनीने सरळ सांगितलं: नागसेनभाऊ, १६ तारखेच्या प्रॅक्टिसले ऐकते. सुरात असली तर तुम्ही, नाही तर अंकुश.

म्हणून ही गिटार. हिचा ब्रिज (तारा खाली ज्याला अडकवतात तो लोखंडी तुकडा) ठोकलेला नाही. समोरून सहा तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, मध्ये ब्रिज दोन धारांवर अधांतरी. बाजूला एक दांडी. दांडी दाबली की सहाही सूर एकदम थरथरतात. हे बटणाच्या बापाला जमणार नाही.

याला फ्लोटिंग ब्रिज म्हणतात. तरंगता पूल. पूल तरंगत नसतो. तरंगतो तो तराफा. नाव ठेवणाऱ्यानेच पहिली चूक केली.

मला अडचण यायचं कारण नाही. एकीकडे तारा, एकीकडे स्प्रिंगा, मध्ये धार. म्हणजे काटा. इतवारीत तीस वर्षं मी काटेच दुरुस्त करतो. सोनाराचे, किराण्याचे, भंगारवाल्यांचे. मी सम केलेला काटा वजनमापच्या साहेबांनी कधी परत पाठवला नाही. (२०११ सोडून. तेव्हा चूक साहेबांची होती.)

ठरलं. उद्या दोन तासांत ट्यूनिंग. उरलेले दिवस नुसता सराव.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.००

सुरुवात. जाड तार ट्यूनरवर (सूर दाखवणारं छोटं यंत्र) लावली. बरोबर.

८.०४. दुसरी लावली. बरोबर. पहिली पुन्हा पाहिली. उतरली होती.

८.२०. सहाही लावल्या. सहावी बरोबर. बाकी पाचही खाली. मी हात लावलेला नाही.

९.४५. पाचवी फेरी. कारण सापडलं. एक तार आवळली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या सैल पडतात. एकीच्या ताटात वाढलं की बाकी पाचजणींच्या ताटातलं जातं. असा संसार कोणी डिझाइन केला?

११.५०. अकरावी फेरी. प्रेमिला (पत्नी) दोनदा येऊन चहा ठेवून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, जुनी आहे न जी घरात, ती काहून नाही वाजवत? तिले तर काहीच नाही झालं. मी सांगितलं की जुनीला दांडी नाही. ती म्हणाली, दांडी कायले पाहिजे? या प्रश्नाला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

१.१५. चौदावी फेरी. थांबवलं. बोटाचं साल निघालं.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.५०

यूट्यूबवर एक लाल दाढीवाला गोरा आहे. तो म्हणतो, धीर धरा. दर फेरीला फरक कमी कमी होत जातो. फिरत राहा, शेवटी बसतं.

हा सल्ला? गोल गोल फिरून काम झालं असतं तर घाण्याचा बैल आज प्रोफेसर असता. धीर हे हत्यार नाही. मी चौदा फेऱ्या केल्या. पंधरावीला बसलं असतं असं मला कोणी सिद्ध करून दाखवावं.

व्हिडिओ अंगठा खाली करून बंद केला.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी २.३० (दुकानात)

सापडलं.

आजवर सगळे कानाने आणि ट्यूनरने करतात म्हणून गोंधळ होतो. सूर म्हणजे काय? ताण. ताण म्हणजे काय? वजन. आणि वजन माझ्याइतकं नागपुरात कोणाला कळतं?

पद्धत: तारेच्या मधोमध हुकवाला काटा अडकवायचा. तार बरोबर एक सेंटिमीटर वर उचलायची. किती ग्रॅम लागले ते वाचायचं. सहाही तारांना सारखं वजन आलं की ब्रिज समतोल, आणि समतोल म्हणजेच सूर.

जाड तारेवर आकडा आला ४५०. तोच धरला. साडेचारशे ग्रॅमचा सूर. एवढी सोपी गोष्ट लाल दाढीवाल्याच्या देशात कोणाला सुचली नाही, कारण त्यांच्याकडे काटेवाला गिटार वाजवत नसेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९.२०

झालं. सहाही तारा ४५०. एकही ४५१ नाही. दोन दिवस, पहाटे आणि दुपारी. ब्रिज लाकडाला समांतर, भिंगाने पाहिला.

९.२५. वाजवली. प्रेमिला स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, काय पडलं जी?

९.४०. ट्यूनर सहाही तारांवर लाल. एकही हिरवी नाही. ट्यूनर चिनी आहे. क्लिपने गिटारच्या डोक्याला चिकटतो आणि निकाल देतो. त्याला विचारणारं कोणी नाही. माझ्या काट्यावर सरकारी शिक्का आहे. याच्यावर कोणाचा शिक्का?

कान हा सवयीचा गुलाम असतो. आठ दिवस ४५० वर वाजवलं की हेच बरोबर वाटेल.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.००

नाही वाटलं.

आणि वर अंकुशचा फोन. त्याला प्रेमिलाने सांगितलं म्हणे. म्हणाला, काका, प्रत्येक तारेची जाडी वेगळी असते, सगळ्यांवर सारखं वजन कसं चालन? थोडं वरखाली ठेवा लागते. मी विचारलं, तू वजन शिकवतोस? मला? तो म्हणाला, तसं नाही जी काका, मी फक्त सांगून राहिलो. सांगून राहिला! माझ्या पासंगाला पुरणार नाही हा पोरगा. इतवारीत पासंग म्हणजे काय हेही त्याला माहीत नसेल. हलक्या पारड्याकडे काट्याच्या दांडीला बांधतात तो शिशाचा तुकडा. तेवढीही याची लायकी नाही.

जाडीचं मी तपासणार होतोच. माझ्या यादीत होतं. फक्त लिहिलेलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.००

शालिकराम किराणावाल्याने काटा परत आणला. दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, नागसेनभाऊ, तुमच्या काट्यात किलोमागे वीस ग्रॅम जास्त जाऊन राहिले, लोक मले देव म्हणून राहिले. सगळे हसले.

तीस वर्षांत पहिल्यांदा. (२०११ धरायचं नाही.) काटा सम करताना डोक्यात चौथी तार होती. म्हणजे ही गिटार आता माझा धंदाही खाणार.

उद्यापासून सकाळी फक्त एक तास गिटार. कडक.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ११.३०

साडेचार तास झाले. सर्वात बारीक तार तुटली, गालाला लागली. ती तुटली तशा बाकी पाच एकदम वर चढल्या. एक गेली की समोरची ओढ कमी, मग स्प्रिंगा जिंकतात. घरातलं एक माणूस गेलं आणि बाकीचे पाच मोठ्याने ओरडायला लागले, असं.

प्रेमिलाने गालाला हळद लावली. म्हणाली, गिटार तुमची बोलत नाही, पण मारते बरी. मी काही बोललो नाही. बोललो. जे बोललो ते लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.४०

नव्या तारा. मागचं झाकण उघडलं. आत तीन स्प्रिंगा, त्या एका पट्टीला, पट्टी दोन स्क्रूंनी लाकडात. स्क्रू आवळला की ब्रिज मागे जातो.

ब्रिज फार पुढे झुकला होता म्हणून आवळले. पाव फेरा सांगतात. मी पूर्ण फेरा दिला, कारण पाव फेरा हा भित्र्या माणसाचा फेरा. पूल बुडाला. सगळ्या तारा लाकडाला चिकटल्या, आवाज गायब.

उलटा फेरा. पूल उभा राहिला, मुंगूस चिडल्यासारखा.

आजपासून पाव फेरा. हा निर्णय माझा आहे, लाल दाढीवाल्याचा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.१०

यश. वजन सोडलं (तत्त्व बरोबर होतं, काटा जाड पडला). फेऱ्या मारल्या. किती ते महत्त्वाचं नाही. एकवीस. सहाही तारा एकमेकींशी शंभर टक्के जुळल्या. दांडी दाबून सोडली, जुळलेल्याच राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होती प्रेमिला.

फक्त एक बारीक गोष्ट. गिटार आपापसांत सुरात आहे, पण जगापेक्षा अर्धा सूर खाली आहे. जग वर असेल तर जगाने खाली यावं. सहा तारा पुन्हा उचलण्यापेक्षा पाच माणसांनी खाली येणं सोपं आहे. हे उद्या समजावून सांगेन.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.००

कालची प्रॅक्टिस. शांतपणे लिहितो.

विहाराचा हॉल, संध्याकाळी पाच. मी म्हणणं मांडलं: सगळ्यांनी अर्धा सूर खाली यावं. अंकुश एक बटण दाबून एका सेकंदात खाली आला. हाही त्याचा उद्धटपणाच. ढोलकवाल्याला दोऱ्या सैल करायला पंचवीस मिनिटं लागली. तो तोंडातल्या तोंडात जे म्हणत होता ते मला ऐकू आलं. कामिनी म्हणाली, मले काय, जिथून म्हणान तिथून गाते, पण लवकर करा बाप्पा, माह्या घरी पाहुणे आहे.

साडेसहाला पहिलं गाणं सुरू केलं. तोवर कोणीतरी खिडक्या उघडल्या होत्या. गार हवा आत. गार हवेत तार आकसते, हे मला माहीत आहे, फक्त त्या वेळी सुचलं नाही. गिटार वर गेली. म्हणजे सगळे माझ्यासाठी खाली आले आणि तोवर मी वर निघून गेलो होतो.

मी म्हटलं, कामिनी, तू उतरतेस.

मग कामिनी बोलली. नागसेनभाऊ, वीस वर्षांपासून गाऊन राहिले, माह्या सुराले आजवर कोणी बोट नाही लावलं. पूल तुमचा हलते न बोट माह्याकडे दाखवता?

अंकुश हसून हसून कीबोर्डचा स्टँड धरून उभा राहिला. मग त्याने डावीकडचं एक चाक फिरवलं. कीबोर्डमधल्या गिटारचा सूर थरथरला. अगदी माझ्या दांडीसारखा. म्हणे, काका, हे हाये न आपल्याकडे.

चाक. त्याच्याकडे चाक आहे. पहिल्या दिवसापासून होतं. मला कोणी सांगितलं नाही!

कामिनी म्हणाली, २३ ले आखरी ऐकते.

घरी येताना बाइक दोनदा बंद पडली. बाइकचाही सूर लागत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ३.००

रागात मेंदू चालतो. हलकं पारडं असलं तर आपण काय करतो? पासंग बांधतो. ब्रिज हलतो कारण ब्रिज हलका आहे. जड केला की हलायचा नाही.

ब्रिजच्या बुडाला चाळीस ग्रॅम शिसं चिकटवलं. सोनाराच्या काट्यावर मोजून. ३९.९८.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.१५

शिसं लावल्यापासून तार छेडली की सूर शेळीसारखा बें करतो आणि बराच वेळ करत राहतो. उभं राहून एक पाऊल टाकलं तरी बें. कारण उघड आहे. दोष गिटारमध्ये नाही, चालण्यात आहे. स्टेजवर मी हलणार नाही.

रस्त्यावरून टेम्पो गेला. बें.

९.३०. प्रेमिलाने मिक्सर लावला. बें. मिक्सर बंद करायला सांगितला, २६ तारखेपर्यंत. ती म्हणाली, मग चटणी? मी म्हटलं, पाटा आहे की. तिने पाटा काढला, आदळून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी १०.००

तिसरा दिवस पाट्यावरची चटणी. प्रेमिला म्हणाली, गिटार तुमची तरंगते न हात माहे दुखून राहिले. मग म्हणाली, एक फळीचा तुकडा ठोकून टाका न जी त्या पुलाखाली. हललाच नाही की भांडणच मिटलं.

यूट्यूबवरही अर्धे लोक हेच सांगतात. लाकूड घाला, ब्रिज अडकवून टाका. म्हणजे तरंगता पूल विकत घ्यायचा आणि मग त्याला तरंगू द्यायचं नाही. त्यापेक्षा जुनीच वाजवली असती. मी असली शरणागती पत्करणार नाही, आणि स्वयंपाकघराकडून तर नाहीच.

शिसं काढलं. सहजच. प्रयोग पूर्ण झाला म्हणून. मिक्सरची बंदी कायम, शिस्त म्हणून.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८.४०

प्रॅक्टिसहून आत्ताच आलो. गिटार आज अर्धा सूर वर आणून, जगाच्या बरोबरीने लावून नेली होती. पहाटेपासून सव्वीस फेऱ्या. खिडक्या मी स्वतः बंद केल्या आणि हॉलमध्ये कोणाला चालू दिलं नाही.

पहिली दोन गाणी नीट. तिसऱ्यात दांडी दाबली. ब्रिज खाली गेला आणि जिथून गेला तिथे परत आला नाही. किती फरक पडला? थोडा. कामिनी डोळे मिटून ऐकत होती. तिने डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे नाही, ढोलकवाल्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, काय ते सांग. पास की नापास. बावीस वर्षांचा माणूस आहे, सरळ ऐकून घेईन.

ती म्हणाली, या २६ ले, भाऊ. निळा शर्ट घालून याजा. टेन्शन नोका घेऊ.

पास!

अंकुशचं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. मी पाहिलं नाही, मुद्दाम.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ६.२०

कालचा प्रोग्राम. सविस्तर नोंद करतो, कारण असे दिवस फार येत नाहीत.

ग्राउंड भरलेलं. बायका पुढे, पांढऱ्या साड्या. चौदा गाणी, दोन तास दहा मिनिटं. एकही तार हलली नाही. मी एकदाही ट्यूनिंगच्या खुंटीला हात लावला नाही.

गोलू (साउंडवाला) या वेळी फार अदबीने वागला. माझ्या हातातून वायर स्वतः घेतली. म्हणे, काका, तुम्ही नोका वाकू, मी लावतो न. दर वेळी मलाच वाकावं लागतं. नव्या गिटारचा मान. मी म्हटलं, मला माझा आवाज इथे ऐकू येत नाही. तर म्हणाला, समोर चालला जी काका, समोर एक नंबर आहे. खरंच समोरच्या बॉक्समधून स्वच्छ येत होता. किंचित मागेपुढे, पण मोकळ्या ग्राउंडवर आवाज भिंतींवर आपटून येतो, हे सायन्स आहे.

चौथ्या गाण्यात मी एक जागा चुकलो. बॉक्समधून ती बरोबर आली. साउंड उत्तम असला की बारीक चुका झाकल्या जातात.

सातव्या गाण्यात दांडी दाबली. पूर्ण. सहाही सूर थरथरले, अख्ख्या ग्राउंडवर, आणि परत जागेवर. पुढच्या रांगेतल्या भीमाबाईने टाळी धरली. ऐंशी वर्षांची बाई.

अंकुश दोन तास मान खाली घालून होता. दोन्ही हात कामात. त्याला आज बरंच वाजवावं लागलं म्हणे. मी स्टेजवर त्याच्याकडे पाहून एकदा मान हलवली. मोठेपणा मोठ्यानेच दाखवायचा असतो.

खाली उतरल्यावर सात जणांनी हात मिळवला. प्रेमिला म्हणाली, छान झालं जी. तिच्या तोंडून हे पहिल्यांदा. मिक्सरची बंदी उठवली.

निष्कर्ष: फ्लोटिंग ब्रिज ट्यून होत नाही असं म्हणणाऱ्यांना ट्यून करता येत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.००

प्रेमिलाच्या मोबाइलमध्ये सातव्या गाण्याचा व्हिडिओ आला. अकरा वेळा पाहिला. एक्केचाळीस जणांना पाठवला. काटोल रोडवाल्यालाही. खाली लिहिलं: टाइम काढावा लागतो.

पण कॅमेरा बंडल. एका ठिकाणी मी रुमालाने कपाळ पुसतोय आणि गिटार चालूच आहे. चित्र आणि आवाज जुळत नाहीत आजकालच्या मोबाइलमध्ये.

उद्या कामिनीकडे जाणार. दोन अटी मांडणार. एक, मला स्टेजच्या मधोमध उभं करायचं. दोन, माझ्यासाठी वेगळा बॉक्स, मला माझा आवाज ऐकू आला पाहिजे. आता आपल्या शब्दाला वजन आहे तेव्हाच बोलून घ्यावं.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.४५

अटी मांडल्या.

कामिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पहिली अट ऐकली तेव्हा सोलत राहिली. दुसरी ऐकली तेव्हा थांबली. म्हणाली, बसा भाऊ. मी म्हटलं, उभाच बरा आहे. ती म्हणाली, नाही, बसा.

मग म्हणाली, भाऊ, तुमची वायर आम्ही लावलीच नव्हती.

मी विचारलं, कुठे? म्हणजे कुठल्या भोकात चुकीची लावली? मला वाटलं गोलूची चूक. ती म्हणाली, कुठीच नाही. गोलूने खाली सोडून देली होती. गिटार अंकुश वाजवून राहिला होता. मी विचारलं, सातव्या गाण्यातलं ते थरथरणं? ती म्हणाली, ते त्याचं चाक होतं.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. फसवणूक म्हणालो. गोलूला फोडीन म्हणालो. बावीस वर्षं, म्हणालो. बावीस वर्षं तीनदा म्हणालो. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, तिलाही काहीतरी म्हणालो.

कामिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बावीस वर्षं म्हणूनच, भाऊ. तुम्हाले उतरा म्हणायले माही जीभ नाही उठली. न सूर सोडायले मन नाही मानलं. मंग काय करू? तुम्ही सांगा, मले काय करा लागत होतं?

मी दोन शेंगा सोलल्या. रागामुळे.

मी म्हटलं, हे घरी कळलं तर? ती म्हणाली, वहिनीले माहीत आहे. २४ लेच आल्या होत्या. म्हणाल्या, बाकी काही करा, फक्त त्याईले स्टेजवरून उतरवू नका.

मी उठलो. फाटकापाशी आल्यावर ती मागून म्हणाली, १४ डिसेंबरले खापरखेड्याच्या कॉलनीत प्रोग्राम आहे. यायचं असन तर असंच या. नाही यायचं असन तर तसं सांगा, मी वाईट नाही मानत. उद्या फोन करते.

असंच या!

बाइक चालू व्हायला सहा किक लागल्या. ती आणि तिची शेजारीण दोघी बघत होत्या.

घरी आलो. प्रेमिलाने विचारलं, मांडल्या का अटी? मी म्हटलं, मांडल्या. ती म्हणाली, चहा घेता का? घेतला.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.३०

राजीनामा लिहायला घेतला. स्वच्छ, चार वाक्यांत. कोणावर आरोप नाही. फक्त तत्त्व. एका वाक्यात "फसवणूक" शब्द दोनदा येतो, तो एकदा करायचा.

९.००. पाचवा मसुदा. आता आठ वाक्यं झाली.

११.१५. व्हिडिओ एक्केचाळीस जणांकडे आहे. एकोणतीस जणांनी अंगठा दिला. काटोल रोडवाल्याचं उत्तर आलंय: काका, मानलं तुम्हाले. मले नाही जमली ती कधी.

ते उत्तर डिलीट केलं नाही. का केलं नाही, माहीत नाही.

दुपारी १.००. जेवताना प्रेमिलाला म्हणालो, तुला माहीत होतं. ती म्हणाली, हाव. मी म्हटलं, काहून केलं असं? तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग म्हणाली, तुम्ही प्रोग्रामच्या दिवशी सकाळपासून शिटी वाजवून राहता जी. बाकी दिवशी नाही वाजवत.

मला हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी ५.२०. कामिनीचा फोन आला. हो म्हटलं.

१४ डिसेंबर, खापरखेडा. गाडी चौकातून दुपारी तीनला निघते.

ट्यूनिंग आज केलं नाही.